कर्ता कुठाय?

मागल्या महिन्यात आमच्यातल्या एका पोराकडं दोन टाइप केलेले कागद आले. एका कोशासाठी लिहिलेली नोंद. विषय : 'जय भीम कॉम्रेड', आनंद पटवर्धनांचा माहितीपट. सोबत चिठ्ठी : 'तपासून द्यावी. थोडी सफाई करावी.' पोरगा खूश. आपला पिक्चर कोशात चालला! टपरीवर आम्ही पाचसहा जण जमलो आणि त्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं. चौथ्या ओळीला त्याचा आवाज अडला.

ओळ अशी होती : '१९९७ साली घाटकोपर येथे घडलेल्या दुर्दैवी घटनेत गोळीबार होऊन काही जणांचा मृत्यू झाला.'

गोळीबार होऊन. म्हंजे कसा? पाऊस होतो तसा? रात्री झोपेत बंदुकीला ताप आला आणि सकाळी ती आपोआप खोकली? मराठीच्या मास्तरानं शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं. क्रियापद इथं आहे. कर्म इथं रस्त्यावर मरून पडलंय. कर्ता कुठाय?

सफाई आम्हाला नवी नाही. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची घाण उचलली. पण रक्त पुसायची ही सफाई आम्ही करणार नाही. म्हणून ती ओळ खोडली आणि अशी लिहिली :

११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपर पूर्वेच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. वस्तीतली माणसं निषेधासाठी पूर्व द्रुतगती मार्गावर उतरली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली, पंचवीसच्या वर जखमी झाली. तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं.

बघा, एकही विशेषण नाही. 'निर्घृण' नाही, 'अमानुष' नाही, 'दुर्दैवी' तर नाहीच नाही. दैवाचा इथं काय संबंध? दैव काय राखीव पोलीस दलात नोकरीला होतं?

पुढची ओळ : 'संतप्त जमाव गॅसचे टँकर पेटवण्याच्या तयारीत असल्याने पोलिसांना कारवाई करावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे होते, रहिवाशांना ते मान्य नव्हते.' इथं कोशवाले छाती पुढं काढतात. दोन्ही बाजू दिल्या, झालो तटस्थ! आम्ही म्हणतो, थांबा. रहिवाशांना मान्य नव्हतं एवढ्यावर गोष्ट थांबली नाही. न्यायमूर्ती गुंडेवारांचा आयोग बसला. त्यानं १९९८ साली गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीचा अधिकारी मनोहर कदम याला जबाबदार धरलं. २००९ साली सत्र न्यायालयानं त्याला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. टँकर वाचवायला गोळ्या झाडाव्या लागल्या हा बचाव ना आयोगापुढं टिकला, ना सत्र न्यायालयात. मग तो कोशातच का टिकावा? आयोगाचा निष्कर्ष ही काय वस्तीची 'बाजू' आहे? खऱ्याखोट्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसणं म्हंजे तटस्थपणा नव्हे. तो निव्वळ आळस. आणि असा आळस कायम एकाच बाजूला कलंडतो, हे आपण जन्मापासून बघत आलोय.

आणखी खाली : 'या घटनेनंतर गायक विलास घोगरे यांचे निधन झाले.'

हे वाचून टपरीवर कुणी बोलंना. निधन मंत्र्याचं होतं. कारखानदाराचं होतं. विलास घोगरेनं १५ जुलैला मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. कपाळाला निळा फडका बांधला होता. भिंतीवर खडूनं आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहून तो गेला. हा कवी, हा गायक आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायला. पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये त्याचाच आवाज आहे. दिग्दर्शकाची आणि त्याची ओळख तिथली. तो का गेला, लाल गळ्यानं मरताना निळं का बांधलं, या प्रश्नातून पिक्चर सुरू झाला आणि चौदा वर्षं चालला. २०११ मध्ये पुरा झाला. तीन तासांच्या पिक्चरचं हे मूळ, आणि नोंदीत त्याला आठ शब्द! सातव्या शब्दात तर तो आजारानं गेल्यासारखा वाटतो.

आता जरा आपल्याबद्दल. कारण नोंद सुधारायला बसलो तेव्हा दुसरी भानगड आमच्याच हातून होत होती.

एकानं पेन घेतला आणि 'महान', 'क्रांतिकारी', 'युगप्रवर्तक' अशी माळ लावली. दुसरा म्हणाला, घोगरेला त्याच्याच डाव्या संघटनेनं दूर केलं होतं ते नको लिहू, दोस्त मंडळी नाराज होतील. तिसरा म्हणाला, आपल्या पुढाऱ्यांचे गट-तट, कालच्या दुश्मनाच्या मंचावर जाऊन बसणं, ते गाळून टाक, घरातलं भांडण चावडीवर कशाला? चौथा म्हणाला, दिग्दर्शक सवर्ण आहे, आमचं दुःख सांगणारा हा कोण, असा आक्षेप आपल्यातल्याच काहींनी घेतला होता, तो तर बिलकूल नको.

च्यायला! म्हंजे त्यांनी कर्ता खोडला म्हणून आम्ही बोंबललो, आणि आता आम्हीच खोडायला बसलो. फरक काय राहिला? त्यांचं खोडरबर पांढरं, आमचं निळं, एवढाच.

तासभर कचाकचा भांडलो. शेवटी ठरलं ते असं. विशेषणं सगळी बाद, आपलीसुद्धा. माळ पुतळ्याला घाला, नोंदीला नको. डाव्यांनी घोगरेला दूर केलं हे राहील. पुढाऱ्यांचं राहील. पिक्चरवरचा आक्षेपही राहील, कुणी घेतला, कुठं छापला, त्यासकट. कारण हा पिक्चर आपल्याला गोंजारत नाही. तो डाव्यांना विचारतो, जात कुठं ठेवली? आपल्याला विचारतो, शाहिरी जिवंत आहे, मग संघटना का फुटली? हे प्रश्न गाळून नोंद चकाचक केली तर पिक्चरचं नुसतं पोस्टर उरेल.

नोंदीचा शेवट पुरस्कारांनी केला होता. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, खरं आहे, लिहा. पण पिक्चर पुरा झाल्यावर जानेवारी २०१२ मध्ये तो भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत पडदा लावून दाखवला, ते कुठं आहे? आणि त्यात गाणाऱ्या पोरांचं काय झालं? कबीर कला मंचाच्या पोरांवर नक्षलवादी असल्याचा ठपका आला, ती भूमिगत झाली. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर उभे राहिले आणि स्वतःला अटक करवून घेतली. शीतल तेव्हा गरोदर होती. पिक्चरला सरकारी पुरस्कार आणि पिक्चरमधल्या गळ्यांना सरकारी कोठडी. पुरस्कारांना पाच ओळी, कोठडीला एकही नाही. असा हिशेब आम्हाला मंजूर नाही. दोन्ही लिहा, एकाखाली एक. वाचणारा काय ते समजेल.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? दोन कागदांनी काय क्रांती होणार?

नाही होणार. पण जरा पुढचं बघा. ११ जुलै १९९७ ला जी पोरं जन्मलीसुद्धा नव्हती ती आता कॉलेजात आहेत. तीन तासांचा पिक्चर त्यांच्यातली किती बघतील? नोंद दोन मिनिटांत वाचतील. ती परीक्षेत उतरवतील, भाषणात सांगतील, एखादा पत्रकार ती तशीच बातमीत डकवेल. मग कुणीतरी म्हणेल, 'कोशातच आहे ना तसं.' गोळ्यांचा आवाज विरून जातो, वाक्य राहतं. म्हणून ते वाक्य नीट असलं पाहिजे.

हे काम आपल्याला शिकवलेलं आहे. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली काढला, आणि चरित्र बारा खंडांपर्यंत गेलं. पत्रं, कात्रणं, सभांचे वृत्तान्त, चिटोरंसुद्धा टाकलं नाही. कारण या माणसाला ठाऊक होतं, आपला कागद आपण जपला नाही तर आपली गोष्ट दुसरा सांगेल आणि कर्ता गाळून सांगेल.

तेव्हा दोस्तहो, घोषणा देऊन घसा सुकला असेल तर जरा पेन घ्या. कोश, क्रमिक पुस्तक, सरकारी पुस्तिका, जिथं जिथं आपलं नाव आहे तिथली ओळ काढा. क्रियापदावर बोट ठेवा. 'झाले', 'घडले', 'मृत्यू पावले' दिसलं की विचारा, कुणी केलं? उत्तर पुराव्यासकट लिहा. पुरावा नसेल तर लिहू नका, शोधा. आणि आपल्या चुकीची ओळ आली तर तिच्यावर शाई सांडू नका.

आमचे दोन कागदांचे चार झाले. ते परत पाठवलेत. सोबत चिठ्ठी : 'तपासून दिली आहे. सफाई केलेली नाही.'

छापतील? बघू. नाही छापली, तर वस्तीतला फळा आपलाच आहे आणि खडू आपल्याकडं आहे.

जय भीम!