वाद्यांचें पुनरुज्जीवन कीं वाद्यांचें श्राद्ध?

एखादी वस्तु हातची गेल्यावर तिच्या नांवानें गळा काढावयाचा, आणि ती हातीं असेपर्यंत तिला अडगळींत टाकावयाचें, ही आमच्या सुशिक्षित समाजाची जुनी रीत आहे. संगीताच्या क्षेत्रांत तर सध्यां या रीतीचा सुकाळ झाला आहे. रुद्रवीणा दुर्मिळ झाली, सुरसिंगार दिसेनासा झाला, सारंगीस शिष्य मिळत नाहींत, म्हणून व्याख्यानें होतात. एखाद्या संध्याकाळीं व्यासपीठावर चार जुनीं वाद्यें मांडतात, वादकास शाल व श्रीफळ देतात, आणि श्रोते कृतकृत्य होऊन घरीं जातात. ठाणें, कल्याण व डोंबिवली या आमच्या गांवांत गाण्याची आवड उदंड; त्यामुळें अशा शोकसमारंभांचीही वाण नाहीं. त्यांस अगत्यानें हजर राहणाऱ्या सज्जनांस आमचा एकच प्रश्न आहे. आपल्या घरीं तंबोरा आहे काय? असल्यास त्याची गवसणी शेवटची केव्हां निघाली होती?

प्रश्न उद्धट वाटेल. पण तो टाळून भागणार नाहीं. ज्या समाजास चार तारांचा तंबोरा संभाळतां येत नाहीं, त्यानें रुद्रवीणेच्या पुनरुज्जीवनाच्या गोष्टी करणें हा दंभ आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मेलेलें वाद्य उठविणें म्हणजे काय, हें युरोपच्या उदाहरणावरून कळेल. हार्प्सिकॉर्ड हें पियानोच्या आधीचें वाद्य. त्याची पट्टी दाबली असतां पियानोप्रमाणें हातोडी तारेवर आपटत नाहीं, तर पिसाच्या देठाचा लहानसा तुकडा तार छेडतो. ल्यूट हें फुगीर पोटाचें, बोटांनीं छेडावयाचें तंतुवाद्य. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही प्रचारांतून उठत गेलीं, आणि पुढील शतकांत त्यांना संग्रहालयांतील कपाटांचाच काय तो आश्रय उरला. आर्नल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) यानें त्यांच्याविषयीं केवळ हळहळ व्यक्त केली नाहीं. त्यानें १८९३ त ल्यूट, १८९४ त क्लॅव्हिकॉर्ड आणि १८९६ त हार्प्सिकॉर्ड स्वतः घडविलें. जुने ग्रंथ चाळून तीं वाजवावीं कशीं याचा शोध घेतला. घरच्या मुलांमाणसांच्या हातीं तीं वाद्यें दिलीं. आणि १९२५ त इंग्लंडांतील हेझलमियर या लहानशा गांवीं त्यांचा उत्सव सुरू केला. तेथील वाद्यांचा पुनर्जन्म सरकारी ठरावानें झाला नाहीं. कारागिराच्या हातानें आणि एका कुटुंबाच्या नित्याच्या वादनानें झाला.

या इतिहासांत एक धोक्याची सूचनाही आहे. वांडा लांडोव्स्का हिनें हार्प्सिकॉर्डास जगभर श्रोते मिळवून दिले, हा तिचा मोठाच उपकार. परंतु पॅरिसच्या प्लेयेल कारखान्यानें १९१२ त तिच्यासाठीं जें वाद्य बनविलें, तें पियानोच्या धर्तीवर, जाडजूड बांधणीचें होतें. नांव जुनें, शरीर नवें. पुढें १९४९ त बॉस्टन येथें फ्रँक हबर्ड व विल्यम डाउड यांनीं आपला कारखाना काढला आणि जुन्या वाद्यांच्या मापांकडे व त्यांच्या हलक्या लांकडी बांधणीकडे लक्ष वळविलें. अशा कारागिरांच्या श्रमांमुळें त्या वाद्याचा मूळ स्वर पुन्हां लोकांच्या कानीं पडला.

वाद्यांत फरक करणें हाच दोष, असें मात्र कोणी समजूं नये. तो फरक कशासाठीं केला, हें पाहावें. झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनीं रुद्रवीणेचे भोपळे मोठे करविले, तिची दांडी व तारा जाड करविल्या. पण तें ध्रुपदाच्या संथ आलापास लागणारी खोल व दीर्घ आंस मिळावी म्हणून, दुसऱ्या वाद्याची बरोबरी करण्यासाठीं नव्हे. त्यांनीं पनवेलजवळ पळस्पें येथें गुरुकुल काढलें. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर तें वादन पुढें चालवीत आहेत. म्हणजे जिच्या नांवानें डोंबिवलींत उसासे टाकले जातात, ती रुद्रवीणा पनवेलच्या वाटेवर वाजत आलेली आहे. उसासे टाकणाऱ्यांपैकीं किती जणांनीं ती वाट धरली, हें त्यांनींच आपल्या मनाशीं पडताळून पाहावें.

आमच्याकडे पुनरुज्जीवनाचे जे दोन मार्ग चोखाळले गेले, त्यांचें फळही पाहूं. पहिला मार्ग संग्रहाचा. पुण्यास दिनकर केळकर यांनीं आयुष्य वेंचून जें संग्रहालय उभारलें, त्यांत जुनीं वाद्येंही पुष्कळ आहेत. केळकरांचें ऋण महाराष्ट्रानें कधींही विसरूं नये. तथापि कपाटांतील वाद्य हा वाद्याचा देह होय. त्याचा प्राण वाजविणाऱ्याच्या बोटांत व ऐकणाऱ्याच्या कानांत असतो. दुसरा मार्ग हुकुमाचा. १९४० त ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. तीस वर्षें सरकारनें पेटीस दार बंद केलें. पण पेटी घरोघर वाजतच राहिली, आणि जिची जागा तिनें घेतली होती ती सारंगी कांहीं आमच्या घरांत आली नाहीं. कोठीवरचें वाद्य म्हणून तिजविषयीं पांढरपेशांच्या मनांत अढी बसली होती. हुकुमानें पेटी बाहेर काढतां येते, अढी काढतां येत नाहीं.

आतां तंबोऱ्याकडे वळूं. कारण सारंगी ज्या वाटेनें गेली त्याच वाटेला आपण त्यास लावीत आहों. १९७९ त बंगळूर येथें विजेचा तंबोरा तयार झाला. पुढें तो गायनाच्या वर्गांत आला, व्यासपीठावर चढला, आणि आतां तर मोबाईलमध्यें शिरून खिशांत जाऊन बसला आहे. या यंत्राचा नादच वाईट, असा सोपा आक्षेप आम्ही घेत नाहीं. त्यांत आतां खऱ्या तंबोऱ्याचे मुद्रित स्वरही भरलेले असतात. प्रवासांत व अडचणीच्या वेळीं त्याची सोय आहेच. आमचा आक्षेप निराळा आहे: तें यंत्र नेहमीं जुळलेलेंच असतें.

तंबोरा तसा नसतो, आणि हेंच त्याचें थोर गुरुत्व होय. विद्यार्थी पहिली तार पंचमांत लावतो, जोडीच्या तारा षड्जांत मिळवितो, शेवटची खर्जांत उतरवितो. खुंटी पिळून तो स्वराच्या जवळ येतो आणि मणी सरकवून त्यावर नेमका पोंचतो. मग घोडीवर तारेखालीं असलेलें सूत केसभर हलवितो, आणि जवारी खुलते. सर्व नीट जुळल्यावर खर्जाच्या तारेंतून कोणीही न छेडलेला गांधार ऐकूं येतो. त्यास आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. ही भाविक कल्पना नव्हे. मूळ कंपनाच्या पांचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर आहे. सामान्य पेटीचा गांधार त्याहून किंचित् चढा असतो. हा फरक ऐकूं येणें हेंच गायनाचें पहिलें शिक्षण. ज्यानें तो गांधार स्वतः जुळवून काढला, त्याचा कान स्वतःच्या मालकीचा झाला. ज्यास तो कळ दाबून मिळाला, त्याचा कान जन्मभर उसनवारीवर जगावयाचा.

यावर उत्तर ठरलेलें आहे: घरें लहान, तंबोरे महाग, हवा दमट, आणि लोकलच्या गर्दींत हें नाजूक वाद्य न्यावें कसें? या अडचणी खोट्या नाहींत. सकाळच्या गाडींत डोंबिवलीस भोपळा सांवरीत चढणारा विद्यार्थी आम्हांसही कल्पितां येत नाहीं. पण अडचण सांगून स्वस्थ बसणें ही या गांवांची परंपरा नव्हे. कल्याणास १८६४ त सार्वजनिक वाचनालय निघालें; ठाण्यास १८९३ त मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. त्या काळीं तरी घरोघर ग्रंथ विकत घेण्याची ऐपत कोठें होती? म्हणून कांहीं आमच्या पूर्वजांनीं वाचन सोडलें नाहीं. जें एकट्यास परवडत नाहीं तें त्यांनीं सर्वांनीं मिळून घेतलें. कल्याण गायन समाजही १९२६ पासून उभा आहे, तो अशाच सामुदायिक हौसेवर.

मग ग्रंथालयासारखें वाद्यालय कां नसावें? एखाद्या संस्थेनें दहा-बारा मर्दानी व जनानी तंबोरे घ्यावे. वर्गणीदारांस तासाच्या हिशेबानें तेथेंच रियाजास जागा द्यावी. वर्षांतून दोनदां मिरजेहून कारागीर बोलावून जवारी काढून घ्यावी. तंबोरे रुळले, कान तयार झाले, म्हणजे त्याच खोलींत एक सारंगी आणावी, पुढें रुद्रवीणा आणावी, आणि शिकविणाऱ्यास मानधन देऊन बसवावें. गायनवर्गांच्या चालकांनींही एक नियम करावा: ज्यास तंबोरा जुळवितां येत नाहीं, त्यास वरच्या परीक्षेस बसवूं नये. आणि आई-बापांनीं शिक्षकास, "मुलगी तंबोराच जुळवीत बसते, राग केव्हां शिकणार?" असें विचारणें सोडावें. ती त्या वेळीं सर्व रागांचा पायाच शिकत असते.

या प्रश्नांत केवळ आमच्या कानांचाच संबंध नाहीं. कारागिरांच्या पोटाचाही आहे. मिरजेच्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांस धार लावण्याचा. तो मागें पडूं लागला तेव्हां, एकोणिसाव्या शतकांत, ते तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचें नांव त्या विद्येचे आद्य कारागीर म्हणून घेतलें जातें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवून, कापून, त्यांस दांडी जोडून घडविलेले तंबोरे तेथून देशभर गेले. २०२४ त मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्याचा आनंद आम्हांसही आहे. पण मानांकन नकली मालास अडवितें. गिऱ्हाईक आणून देत नाहीं. ज्या दिवशीं जवारी काढणाऱ्याचा मुलगा दुसरा धंदा धरील, त्या दिवशीं हातांतून हातांत आलेली ती विद्या संपेल. आणि मग आम्हांसही डोल्मेचप्रमाणें कपाटांतील वाद्यें मोजून ती नव्यानें शोधावी लागेल. युरोपला गेलेलें परत आणण्यास कित्येक दशकें झिजावें लागलें. आमचें तर अजून गेलेलें नाहीं. तें दाराशीं उभें आहे.

"लुप्त वाद्यां"च्या पुढच्या समारंभाचें निमंत्रण आतां येईलच. आयोजकांस एवढेंच कळवावें: यंदां शाल व श्रीफळ राहूं द्या, तो पैसा तारांना आणि जवारीला लावा.