मधल्या स्पीकरची बाजू

साहित्याच्या प्राध्यापकाने होम थिएटर कसे निवडावे यावर लिहिणे त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असे माझ्या एका सहकारी मित्राचे मत आहे. ‘ही तांत्रिक बाब आहे, दुकानदाराला कळते, तंत्रज्ञाला कळते, आपण फक्त पैसे द्यायचे,’ असे तो म्हणतो. हाच मित्र माध्यमांतरावर चर्चासत्रांत निबंध वाचतो. कादंबरीचा चित्रपट होताना काय काय हरवते याची यादी त्याला तोंडपाठ आहे. तो चित्रपट त्याच्या स्वतःच्या हॉलमध्ये पोचताना काय हरवते, हे मात्र तांत्रिक! मला हा युक्तिवाद मान्य नाही. गेल्या वर्षभरात पालघर-बोईसर पट्ट्यात दोन ध्वनिसंच निवडण्याच्या भानगडीत पडल्यानंतर (एक घरासाठी, दुसरा महाविद्यालयाच्या दृक्श्राव्य कक्षासाठी) तर मुळीच नाही.

बोईसरच्या ज्या दुकानात आम्ही उभयता गेलो, तिथे संच ऐकवण्यासाठी एक वेगळी अंधारी खोली होती. सोफ्यावर बसवून विक्रेत्या मुलाने रिमोट दाबला. डोक्याभोवती हेलिकॉप्टर फिरले, उजव्या कानामागे काच फुटली, आणि मग एक असा स्फोट झाला की सोफ्याची लाकडी चौकट पायांना जाणवली. ‘पाठीमागून येतो की नाही, सर?’ त्याने कौतुकाने विचारले. येत होता. नाकारण्यात अर्थ नव्हता.

पण बोईसरमध्ये बसून स्फोट ऐकणे म्हणजे काय? ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक क्षेत्रातल्या एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटाने कामगारांचे बळी घेतले, आणि त्याचा आवाज कित्येक किलोमीटरवरच्या गावांनी ऐकला. तो पहिला नव्हता आणि शेवटचाही ठरला नाही. मी त्या मुलाला सहज विचारले, त्या दिवशी तू कुठे होतास? ‘घरीच होतो. खिडकीची काच गेली होती आमची,’ तो म्हणाला, आणि पुढचा नमुना लावण्यासाठी त्याने पुन्हा रिमोट दाबला. त्यात त्याचा काही दोष नाही. महिनाभर दिवसातून वीस वेळा तो स्फोट विकणाऱ्याने आणखी काय करावे? माझा प्रश्न त्याच्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे. ज्या भागात स्फोट ही बातमी आहे त्या भागात स्फोट हीच ध्वनिसंचाची परीक्षा कशी काय ठरली, आणि वर्गात भयानक रसावर तास घेणाऱ्या आपल्यापैकी कोणालाच हे विचित्र कसे वाटले नाही?

रससिद्धान्ताचा दाखला इथे केवळ शोभेसाठी देत नाही. अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तल्या पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. त्या हरिणाचे भय आपल्यापर्यंत पोचते, पण ते त्या हरिणाचे उरत नाही आणि आपलेही होत नाही. ‘अमुक स्थळी, अमुक काळी, अमक्याला’ ही बंधने गळून पडतात आणि केवळ भय उरते. त्याचाच आस्वाद घेता येतो. साधारणीकरणाचा हा गाभा द्वितीय वर्षाचा विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत लिहितो. आता सराउंड ध्वनीचा दावा पाहा. तो नेमका उलटा आहे: भय इथे आहे, आत्ता आहे, तुमच्या डाव्या कानाच्या मागे तीन फुटांवर आहे! जी बंधने गळून पडावीत म्हणून कलेने एवढा खटाटोप केला, तीच हा संच पुन्हा घट्ट बांधतो, आणि त्याला ‘अनुभव’ म्हणतो. दचकणे म्हणजे आस्वाद नव्हे. आमच्या मांजराला दचकता येते.

इथे एक पाऊल मागे घेतो, कारण अन्यायही करायचा नाही. सराउंडचा उत्तम उपयोग करणारे ध्वनिसंयोजक आहेत. ‘किल्ला’सारख्या चित्रपटातला कोकणातला पाऊस चहूबाजूंनी आला तर मला हवाच आहे, पाऊस तसाच येतो. बाजार, जत्रा, लोकल गाडीचा डबा यांचेही तसेच. १९९२ साली डॉल्बी डिजिटल आल्यापासून (पहिला चित्रपट ‘बॅटमॅन रिटर्न्स’) आणि २०१२ साली डोक्यावरूनही आवाज आणणारी अॅटमॉस पद्धत निघाल्यापासून चित्रपटगृहातल्या ध्वनीत खरोखर भर पडली, हे कोण नाकारील? माझे भांडण चित्रपटगृहाशी नाही. चित्रपटगृहाची नक्कल करणारा संच दहा बाय बाराच्या हॉलमध्ये आणताना आपण कशावर पाणी सोडतो, याच्याशी आहे.

तो संच असतो तरी काय? ५.१ या आकड्यातले पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय बाजूचे दोन. ‘.१’ म्हणजे सबवूफर, केवळ गडगडाटाची पेटी. चित्रपटातले संवाद बहुतांशी एकट्या मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणजे माणूस जे बोलतो ते सगळे या एका पेटीत. उरलेल्या पाचांकडे संगीत, वातावरण आणि धडाका. आणि दुकानात सर्वांत कमी बोलले जाते ते या मधल्या स्पीकरविषयी. स्वस्त संचांत तो सर्वांत छोटा असतो, टीव्हीखाली कसाबसा कोंबता यावा एवढा. काही संचांत तो नसतोच. विक्रेता कौतुकाने थोपटतो ती सबवूफरची पेटी. या पेटीचा मुलूख साधारण १२० हर्ट्झच्या खालचा. मराठीतले एकही व्यंजन तिथे राहत नाही. ‘स’, ‘श’, ‘त’ यांना ओळख देणारी ऊर्जा बहुतांशी २००० हर्ट्झच्या वर असते. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे ऐकू येतात तेही तिथेच, वर. पेटीत पुरुषाच्या आवाजातली घरघर तेवढी उरते. थोडक्यात, ज्या भागासाठी आपण सर्वाधिक पैसे मोजतो त्या भागाला आपली भाषा येत नाही.

त्यात आमच्या सदनिकांची रचना. बाजूचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या कानांपासून किंचित मागे, समोरच्या रेषेपासून सुमारे ११० अंशांवर असावेत, असे शास्त्र सांगते. बोईसरच्या सदनिकेत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, एका बाजूला गॅलरीचे दार आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी वाट. स्पीकर लावायचा कुठे, फ्रिजवर? शिवाय बारा फुटांची खोली सुमारे ४७ हर्ट्झला स्वतःच घुमते. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की हे घुमणे आणखी वाढते, शेजाऱ्यांच्या कपाटातली भांडी वाजतात, आणि ‘काय दम आहे!’ म्हणून आपण खूश होतो. तो दम खोलीचा असतो, संचाचा नव्हे. (एके काळी याच बाजारात ‘पीएमपीओ’ नावाचे हजारो वॉटांचे आकडे खोक्यांवर छापून येत. आता आकडे बदलले, मोह तोच आहे.)

घरातली फजिती घरातच राहते. महाविद्यालयातली राहत नाही, म्हणून ती सांगतो.

आमच्या दृक्श्राव्य कक्षासाठी संच निवडणाऱ्या समितीत मीही होतो, त्यामुळे दोषाचा वाटा माझाही आहे. संच बसला त्या दिवशी तंत्रज्ञाने आपली चाचणीची फीत लावली. जमिनीखालून यावा तसा खोल गडगडाट सुरू झाला आणि खिडक्यांची तावदाने थरथरली. शेवटच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही, फक्त दाराच्या चौकटीला हात लावून उभी. ती धुंदलवाडीकडची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने तिथल्या लोकांना रात्री अंगणात झोपायला लावले होते. धक्क्याबरोबर जमिनीतून आवाज येत. बाकीचा वर्ग हसत होता, टाळ्या वाजवत होता. त्या मुलीच्या कानांना कोणता रस प्रतीत झाला असेल, हे रसचर्चेच्या कोणत्या प्रकरणात शोधायचे ते मला कोणी सांगावे.

पुढच्या आठवड्यात ‘साहित्य आणि चित्रपट’ या विषयाच्या तासाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) दाखवला. ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, त्यातला सगळा खटला शब्दांवर उभा आहे: एका लोकशाहिराच्या गाण्याने गटारसफाई करणाऱ्या कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केले, असा आरोप. गाण्यात नेमके काय म्हटले होते, कोणी ऐकले, साक्षीदाराने काय ऐकल्याचे सांगितले, यावर माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले. आणि आमच्या त्या देखण्या संचातून पंख्याची घरघर ऐकू येत होती, न्यायालयाच्या आवारातली वर्दळ चहूबाजूंनी येत होती, फक्त माणसे काय बोलताहेत ते कळत नव्हते. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आले की वर्गातल्या सगळ्या माना किंचित खाली झुकल्या आहेत. मराठी विषय घेऊन एम.ए. करणारी ती मुले मराठी संवाद समजावेत म्हणून पडद्याच्या तळाशी इंग्रजी उपशीर्षके वाचत होती.

मराठीच्या अवनतीवर आपण वर्षाला किती चर्चासत्रे घेतो? इंग्रजी माध्यमाच्या शाळा, आईबापांची मानसिकता, शासनाची अनास्था अशी कारणे आपल्याला हमखास सापडतात. कक्षातल्या मधल्या स्पीकरची पातळी हे त्यांतले कारण म्हणून मी कुठल्याही निबंधात वाचलेले नाही. आपण भाषेला मुद्रित समजतो. ती ऐकू येण्याची गोष्ट आहे याचा आपल्याला विसर पडला आहे. म्हणून तर ध्वनी ‘तांत्रिक’ होतो. आणि जी मुले घरी वारली, मांगेली, वाडवळी बोलतात, ज्यांना प्रमाण मराठीही कान देऊन ऐकावी लागते, त्यांच्या वाट्याला अर्धवट ऐकू येणारा वर्ग येतो. ती विचारत नाहीत. आपल्यालाच कळले नसेल, असे त्यांना वाटते.

जुन्या चित्रपटांची दैना तर विचारूच नका. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा एका वाहिनीचा, मोनो ध्वनीचा चित्रपट. त्याच्या आवाजात मागे-पुढे, डावे-उजवे काही नाही. आमच्या तंत्रज्ञाने ‘सर, आवाज भरलेला करतो’ म्हणून संचावरचा ‘स्टेडियम’ पर्याय निवडला, आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा क्रिकेटच्या मैदानात कीर्तन करू लागला.

‘वेढून टाकणारा’ हे विशेषण आजकाल समीक्षेतही शिरले आहे. कादंबरी वेढून टाकते, नाटक वेढून टाकते. वेढा ही स्तुती कधी झाली? गड वेढले जात असत. आमच्याच जिल्ह्यात ध्वनी आणि ऐकणारा यांची अगदी वेगळी मांडणी पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मेण असा तारपा. तो वाजवणारा मध्ये, आणि हात गुंफून त्याच्याभोवती फिरणारी माणसे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी (पद्मश्री २०११, मृत्यू २०१८) हे सर्पिल वर्तुळ जगभरच्या कलादालनांत नेले. त्यात आवाज एका ठिकाणी आहे, एका माणसाच्या फुफ्फुसात आहे, आणि सारे त्याच्याकडे तोंड करून आहेत. माणसे आवाजाला वेढतात, आवाज माणसांना नव्हे. मी वारली नाही, आणि हल्लीच्या लग्नांत तिथेही डीजेच्या भिंती उभ्या राहतात हे पाहतो. म्हणून यातून कसले गोड स्मरणरंजन काढायचे नाही. एवढेच, की ऐकणारा मध्यभागी राजासारखा बसलेला आणि आवाज त्याच्या सेवेला चहूकडे धावणारे, ही एकच मांडणी शक्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

घरी आम्ही शेवटी काय घेतले? समोरचे तीन स्पीकर, तेही एकाच जातीचे, आणि एक बरा अॅम्प्लिफायर. सबवूफर घेतला नाही, बाजूचे दोन घेतले नाहीत. मोठे घर झाले तर पाहू. निवडताना स्फोट ऐकला नाही. सोबत नेलेले एका मराठी नाटकाचे ध्वनिमुद्रण लावायला सांगितले, आणि आईला सोफ्यावर बसवले. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येते. दुकानातल्या सर्वांत महागड्या संचावर तिने तीनदा ‘काय म्हणाला?’ विचारले. जो संच घेतला त्याच्यावर तिने ते विचारले नाही. उलट नायिकेचे चुकलेच, असे मत दिले. विक्रेत्या मुलाला हा प्रकार नवा होता. ‘सर, यात तर काही होतच नाही,’ तो म्हणाला.

महाविद्यालयातल्या संचाविषयी मी समितीला लेखी टिपण दिले होते: मधला स्पीकर मंचाखालच्या लाकडी कपाटात, दार लावून ठेवला आहे, तो बाहेर काढून पडद्याच्या लगेच खाली, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीकडे तोंड करून ठेवावा, त्याची पातळी तीन-चार डेसिबल वाढवावी, सबवूफर कमी करावा. त्यावर ‘सदर बाब तांत्रिक असल्याने संबंधितांकडे वर्ग करण्यात यावी’ असा शेरा आला. संबंधित कोण, हे दोन महिन्यांत ठरले नाही. अखेर एका शनिवारी शिपाईमामा आणि मी मिळून स्पीकर कपाटातून काढला, खाली दोन जाड शब्दकोश ठेवून तो तिरपा केला, आणि रिमोटवरचा आकडा चारने वाढवला. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. शब्दकोश अजून तिथेच आहेत. ग्रंथालयाने त्यांची मागणी करणारे पत्र पाठवले आहे.