काळ्या मातीतले काळे प्लास्टिक

पीक निघाले की मल्चिंग पेपर गोळा करायचा, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. पण २५-३० मायक्रॉनचा, उन्हाने विटलेला पेपर अखंड निघत नाही. मातीत गाडलेल्या कडा तिथेच राहतात आणि रोटाव्हेटरखाली त्यांचा चुरा होतो. तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाला की ते मायक्रोप्लास्टिक. ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेच्या २०२२ मधील अभ्यासात महाराष्ट्र व कर्नाटकातील शेतांतून घेतलेल्या नमुन्यांत असे कण आढळले होते. मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ निकषांत मात्र प्लास्टिकला रकाना नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने कण वेचायचे आणि एकेकाचा अवरक्त वर्णपट घ्यायचा, या कामाला वेळ फार लागतो. म्हणूनच कॅमेरा आणि मशीन लर्निंगच्या जोडीकडे प्रयोगशाळांचे लक्ष वळले आहे. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलचा वर्णपट टिपतो. पॉलिथिलीन १२०० आणि १७३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. ही खूण मॉडेलला शिकवता येते. (तुलनेने स्वस्त कॅमेरे १७०० नॅनोमीटरलाच थांबतात, हे खरेदीआधी पाहावे.) मातीवर पसरलेले अर्धा ते ५ मिलिमीटरचे पॉलिथिलीनचे कण हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने ओळखण्याचा प्रयोग चिनी संशोधकांनी २०१८ मध्येच प्रसिद्ध केला.

अडचण पुढे आहे. महाराष्ट्राच्या शिवारातले बरेचसे प्लास्टिक काळे. ठिबकच्या लॅटरलमध्ये उन्हापासून बचावासाठी सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक घातलेले असते. चंदेरी-काळ्या मल्चिंगची खालची बाजूही तशीच. कार्बन ब्लॅक जवळचे अवरक्त किरण गिळते, वर्णपट जवळपास सपाट येतो आणि ओळखीची खूणच उरत नाही. कचरा वर्गीकरणाच्या यंत्रांतून खाद्यपदार्थांचे काळे ट्रे निसटतात ते याच कारणाने. साधा रंगीत कॅमेरा वापरावा, तर काळ्या मातीवर काळा तुकडा लपतो आणि चुनखडीचा खडा पांढऱ्या प्लास्टिकसारखा दिसतो. संशयित काळे तुकडे आज तरी हातानेच उचलून एफटीआयआरखाली (अवरक्त वर्णपट घेणाऱ्या यंत्राखाली) ठेवावे लागतील.

‘अचूकता ९९ टक्के’ एवढे वाचून कोणी यंत्र घेऊ नये. हजार पिक्सेलमध्ये एकच प्लास्टिकचा असेल, तर सरसकट ‘मातीच’ म्हणणारे मॉडेलही ९९.९ टक्के अचूक ठरते! विक्रेत्याला विचारायचे ते वेगळे. मातीत मुद्दाम मिसळलेल्या शंभर तुकड्यांपैकी किती सापडले? सापडले म्हटलेल्यांत खोटे किती? चाचणीचे नमुने दुसऱ्या शेतातले होते का? एकाच ट्रेचे पिक्सेल शिकवणीत आणि चाचणीत वाटून दिले असतील, तर परीक्षेआधीच पेपर फुटलेला असतो.

कॅमेऱ्याआधीच्या पायऱ्यांकडेही दुर्लक्ष होते. मातीतून प्लास्टिक वेगळे करण्यासाठी वापरतात त्या मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता १.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. त्यात पॉलिथिलीन तरंगते. पीव्हीसी पाइपचा चुरा १.४ च्या आसपासचा असल्याने तळाशी बसतो आणि मोजणीतून सुटतो. झिंक क्लोराइडने तो वर येतो, पण ते महाग आणि घातक. शिवाय नमुना येतो कशात? बहुधा प्लास्टिकच्याच पिशवीत. काचेची बरणी किंवा ॲल्युमिनियमचा डबा वापरावा, आणि प्रत्येक खेपेला मातीविना एक कोरी चाचणी करावी.

प्रयोगशाळांतील वाचकांना एक विनंती. येत्या हंगामात शेतातून निघणारे जुने पेपर आणि लॅटरलचे तुकडे फेकू नका. जाडी, अंथरल्याचा महिना, पीक आणि मातीचा प्रकार लिहून ठेवा, मातीसह छायाचित्रे घ्या आणि ती एकमेकांना द्या. कोऱ्या प्लास्टिकवर शिकलेले मॉडेल उन्हाने विटलेल्या तुकड्यापुढे अडखळते. आणि कॅमेऱ्याची मर्यादा अर्धा मिलिमीटर असेल, तर त्याखालच्या कणांपुढे अहवालात ‘आढळले नाहीत’ असे लिहू नका. ‘तपासले नाहीत’ असे लिहा.