दरडोई, पण कोणाच्या डोई?

अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्याची आर्थिक पाहणी विधिमंडळात सादर होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दरडोई उत्पन्नाचा आकडा ठळक टाइपात झळकतो. २०२४-२५ या वर्षासाठी हा अंदाज ३,०९,३४० रुपये होता. म्हणजे पाच माणसांच्या घरामागे पंधरा लाखांहून अधिक! उमरेडच्या बाजारात सोयाबीन विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा वाचून दाखवावा आणि मग त्याच्या मुद्रेकडे पाहावे, अशी या आकड्याच्या उपासकांना आमची नम्र सूचना आहे.

आमचे भांडण भागाकाराशी नाही. हाच भागाकार दादाभाई नौरोजींनी केला होता. १८६७-६८ सालासाठी त्यांनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले. पण ते तेथे थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते, तो आकडा त्यांनी शेजारी मांडला आणि कैद्याइतकेही रयतेच्या वाट्याला येत नाही, हे दाखवून दिले. त्यांनी आकडा भाकरीजवळ नेला. आजचे पंडित भाकरी बाजूला सारून पानात आकडाच वाढतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनीही १९३४ सालच्या अहवालातच बजावले होते की, अशा उत्पन्नावरून राष्ट्राचे कल्याण क्वचितच ताडता येते. औषधाच्या बाटलीवरची सूचना कोण वाचतो?

उमरेडपुरते पाहू. येथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. कोळसा निघाला, विकला गेला की उत्पादन वाढले. ज्या शेताखालून तो निघाला ते शेत गेले, भूगर्भातील ठेवा कायमचा सरला. त्याची वजावट मात्र कोणत्याही रकान्यात नाही. दागिने मोडून खाणाऱ्या कुटुंबाला आपण सुखवस्तू म्हणत नाही. राष्ट्राला बेधडक म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२५ साली स्वीकारलेल्या हिशेबपद्धतीत ही वजावट निव्वळ उत्पादनातून करावी, असे आता म्हटले आहे. पहिली पद्धत १९५३ सालची होती. एवढे कळायला बहात्तर वर्षे लागली! खाणीतल्या कायम कामगारांच्या पगारावर येथील बाजारपेठ बरीचशी चालते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नफ्यावर हक्क कोलकात्याच्या कोल इंडियाचा, आणि धूळ आमची. याउलट पहाटे उठून पाणी भरणारी, घरादाराचा स्वयंपाक करणारी, अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी आमची माउली या हिशेबात शून्य.

कागदावरच्या आकड्याने उमरेडचे काय बिघडते, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. केंद्रीय करांतील राज्यांचे वाटे ठरविताना पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दरडोई उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भार दिला. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची नऊ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या महाराष्ट्रात आहे. महाराष्ट्राला मिळालेला वाटा ६.३१७ टक्के. बिहारच्या ताटात अधिक पडावे, याला आमची हरकत नाही. तेथील गरज मोठीच आहे. पण मुंबई-ठाण्याने फुगविलेली सरासरी गडचिरोलीच्याही माथी मारली जाते, त्याचे काय? राज्याच्याच २००२ सालच्या मानव विकास अहवालात गडचिरोली सर्वांत तळाशी होता. श्रीमंती मुंबईची आणि कपात विदर्भाची, हा कोठला न्याय?

दुसरा मार्ग नाही, असे मुळीच नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशी एकेक बाब जिल्हावार धरून. मोजण्याची ही रीत महाराष्ट्राच्याच घरची आहे. आज जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न छापले जाते खरे, पण त्यात नागपूर शहर आणि उमरेड, भिवापूर, कुही हे तालुके एकाच ओळीत कोंबलेले असतात. आमची मागणी साधी आहे. त्या ओळीखाली तालुकावार आणखी तीन रकाने छापावेत: किती घरांत नळाचे पाणी येते, किती बालके कमी वजनाची आहेत, आणि खाणीत जमीन गेलेल्यांपैकी किती जणांना काम मिळाले.