दिवाणखान्यातला संगणक : खर्च कुठे करावा, हात कुठे आखडावा

दिवाणखान्यातला मोठा टीव्ही आता घराघरांत रुळला आहे. त्याच्या शेजारी एखादा छोटा संगणक ठेवून घरातली सर्व चित्रे, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती एकाच पडद्यावर पाहाव्यात, ही इच्छा मात्र अलीकडे वाढीस लागली आहे. घरातील तरुण मुलगा भागांची यादी तयार करतो, वडील ती पाहतात आणि एवढ्या भागांपैकी खरे कामाचे किती, असा प्रश्न विचारतात. व्यापारी घरात हा प्रश्न विचारला जाणे योग्यच आहे. माल भरताना जो विवेक वापरला जातो, तो घरच्या खरेदीतही वापरला, तर थोड्या पैशांत उत्तम यंत्र उभे राहते आणि निरर्थक खर्च वाचतो.

गरज आधी, यादी नंतर

सर्वप्रथम ठरवावे लागते ते हे, की संगणकाची गरज आहे का. केवळ वर्गणी भरून पाहायच्या चित्रपट-मालिकांसाठी संगणक घेऊ नये. या सेवा आपली चित्रे कडेकोट संरक्षणात पाठवितात. संगणकावर ४के दर्जाचे चित्र मिळण्यासाठी ठरावीक कार्यप्रणाली, ठरावीक ब्राउझर आणि एचडीसीपी २.२ हे संरक्षण मानणारा पडदा, अशा अटी असतात. नेटफ्लिक्सचे ४के चित्र लिनक्सवर मिळत नाही. तेच चित्र स्मार्ट टीव्हीवर किंवा टीव्हीला मागून जोडायच्या छोट्या ४के स्टिकवर विनासायास दिसते. म्हणून ज्या कुटुंबाची गरज एवढीच आहे, त्याने ही खरेदी येथेच थांबवावी.

संगणकाचे खरे काम निराळे आहे. लग्न, साखरपुडा, दुकानाचे उद्घाटन, आजोबांची पंचाहत्तरी यांच्या व्हीएचएस कॅसेटी. नंतरच्या काळातील मिनी-डीव्ही टेप. विकत घेतलेल्या डीव्हीडी. आणि आता पाच-सहा मोबाइलमध्ये विखुरलेली हजारो छायाचित्रे. हा घरचा ठेवा कोणत्याही कंपनीच्या सेवेवर सापडणार नाही. तो एका जागी आणून तीन पिढ्यांनी मिळून पाहण्यासाठी हे यंत्र उपयोगी पडते.

या कामात विलंब परवडत नाही. चुंबकीय फीत वर्षागणिक क्षीण होते आणि दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते. कॅसेट चालविणारे यंत्रही दुर्मीळ झाले आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. या व्यवसायात टिकून राहिलेली ती शेवटची उत्पादक कंपनी मानली जात असे. ज्या घरी चालू स्थितीतला व्हीसीआर आहे, त्यांनी संगणकाचे भाग निवडण्यापूर्वी कॅसेटींचे रूपांतर हाती घ्यावे. संगणक पुढच्या वर्षीही मिळेल. फितीवरचा आवाज तोवर टिकेलच असे नाही.

जागेचा हिशेब

डिस्क किती मोठी घ्यावी, हे अंदाजाने न ठरविता मोजून ठरवावे. व्हीएचएस कॅसेटीचे रूपांतर सेकंदाला ८ मेगाबिट या गतीने केल्यास तासाला ३.६ जीबी जागा लागते. प्रत्येकी २ तासांच्या ४० कॅसेटी म्हणजे ८० तास, अर्थात २८८ जीबी. मिनी-डीव्हीची मूळ प्रत तासाला सुमारे १३ जीबी घेते. एकेक तासाच्या २० टेपना २६० जीबी लागतील. दोन्ही मिळून साडेपाचशे जीबीच्या आतच होतात. मोबाइलवर एचईव्हीसी पद्धतीने घेतलेले ४के चित्रीकरण तासाला साधारण १० जीबी धरले, तरी बहुतेक कुटुंबांना २ टीबीची हार्ड डिस्क अनेक वर्षे पुरते. दुकानदार ८ टीबीची डिस्क सुचवील. त्यातली बरीचशी जागा रिकामी गोदामासारखी पडून राहील.

कार्यप्रणालीसाठी मात्र २५६ जीबीची छोटी एसएसडी अवश्य घ्यावी. यंत्र झटपट सुरू होण्याचे श्रेय तिलाच असते.

प्रोसेसर आणि चित्र उलगडण्याची क्षमता

चित्रफीत ही दाबून बांधलेल्या गाठोड्यासारखी असते. ती दाखविताना क्षणोक्षणी उलगडावी लागते. प्रोसेसरमध्ये या कामाची स्वतंत्र यंत्रणा असेल, तर साधा प्रोसेसरही ४के चित्र सहज दाखवितो. ती नसेल, तर शक्तिमान प्रोसेसरही तापतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळते. म्हणून किती गिगाहर्ट्झ, हे विचारण्याआधी कोणत्या पद्धतींची चित्रे तो उलगडतो, हे विचारावे. एच.२६४ आणि एचईव्हीसी या दोन पद्धती तर हव्यातच. एव्ही१ ही नवी पद्धतही असल्यास उत्तम.

इंटेलचा २०२३ च्या आरंभी आलेला एन१०० हा प्रोसेसर या कामासाठी बहुगुणी आहे. त्यात ४ कोअर आहेत, त्याची अधिकृत वीजमर्यादा केवळ ६ वॅट आहे आणि तिन्ही पद्धती तो स्वतःच्या यंत्रणेने उलगडतो. तो सुटा मिळत नाही. मदरबोर्डवर बसवलेला किंवा तळहाताएवढ्या तयार मिनी संगणकात येतो. ज्यांना टीव्हीबरोबरच घरचे हिशेब, मुलांचा अभ्यास अशी कामेही करायची आहेत, त्यांना इंटेलचा कोअर आय३-१२१०० पुरेसा आहे.

येथे एका अक्षराकडे लक्ष असू द्यावे. आय३-१२१००एफ हा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. पण शेवटच्या ‘एफ’चा अर्थ असा, की त्यात चित्र दाखविणारा भागच नाही. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते आणि वाचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च होतो. चित्रपट पाहण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. खेळ खेळायचे नसतील, तर ते यादीतून सरळ खोडावे. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हाही चांगला प्रोसेसर असून त्यात चित्राचा भाग आहे. मात्र एव्ही१ उलगडण्याची यंत्रणा त्यात नाही, हे ठाऊक असावे.

जुन्या यंत्रांचा बाजार

कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे छोटे संगणक हा काटकसरीचा आणखी एक मार्ग आहे. लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे अशी यंत्रे मिळतात. घेताना प्रोसेसरची पिढी पाहावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्याआधीची यंत्रे फार स्वस्तात देऊ केली जातात, त्याचे एक कारण हेच. आठव्या पिढीचे यंत्र एचईव्हीसी चित्रे उत्तम दाखविते. एव्ही१ त्याला यंत्रणेने उलगडता येत नाही. घरचा ठेवा पाहण्यास एवढे पुरे आहे.

अशा यंत्राची मागची बाजू अवश्य तपासावी. अनेकांना एचडीएमआय जोडणीच नसते किंवा असली तर ती १.४ आवृत्तीची असते. त्या आवृत्तीतून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते; ६० वेळा जाण्यासाठी २.० आवृत्ती लागते. टीव्ही कितीही भारी असो, जोडणी जुनी असेल तर फायदा अर्धाच. नव्या स्वस्त मदरबोर्डबाबतही हाच प्रश्न दुकानदाराला विचारावा.

जिथे काटकसर करू नये

रॅम ८ जीबी पुरते. १६ जीबी ही चैन आहे. कॅबिनेट दिसायला साधे चालेल. परंतु एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारा भाग, हा हात आखडण्याचा विषय नव्हे. बाजारात कॅबिनेटबरोबर ‘मोफत’ एसएमपीएस देण्याची पद्धत आहे. त्यावर ४५० वॅटचा कागद चिकटवलेला असतो. आतले वजन हातात घेताच कळते. विजेच्या चढउतारात असा भाग जळतो आणि जाताना मदरबोर्ड व डिस्क यांनाही घेऊन जातो. ८० प्लस प्रमाणपत्राचा, नामांकित कंपनीचा, कमी क्षमतेचा का होईना, पण खरा एसएमपीएस घ्यावा. मिनी संगणक घेतल्यास त्याच्या अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का, हे पाहावे. परदेशातून आलेल्या स्वस्त यंत्रांत तो बहुधा नसतो.

दुसरी जागा शांततेची. दिवाणखान्यात यंत्राचा आवाज खटकतो. मोठा, १२० मिलिमीटरचा पंखा संथ फिरूनही पुरेशी हवा देतो. लहान पंखा वेगाने फिरतो आणि गुणगुणतो. संगणक टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबला, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात तो तापणारच. कपाटाची मागची फळी कापून हवेला वाट द्यावी; सुताराला त्यासाठी अर्धा तास पुरतो.

तिसरी जागा रिमोटची. संगणकाचा बहुतेक ग्राफिक्स भाग टीव्हीच्या रिमोटचे संदेश ओळखत नाही. रास्पबेरी पाय ही छोटी पाटी मात्र ते ओळखते. संगणक घेतल्यास यूएसबी रिसीव्हर असलेला, मोजक्या बटणांचा वेगळा रिमोट घ्यावा. ज्या यंत्रावर आजी एकट्याने आपल्या लग्नाचे फोटो पाहू शकत नाहीत, ते यंत्र कितीही उत्तम असले, तरी आठवड्याभरात धूळ खात पडते.

मोफत मिळणारी उत्तम वस्तू

चित्रे मांडून दाखविणारी कोडी ही आज्ञावली विनामूल्य आहे. २००२-०३ च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मलेल्या या प्रकल्पाला २०१४ मध्ये हे नाव मिळाले. लिबरइलेक ही छोटी लिनक्स प्रणाली घेतल्यास यंत्र सुरू होताच थेट कोडी उघडते आणि विंडोजचा परवाना घ्यावा लागत नाही.

कोडीत एक पर्याय आवर्जून चालू करावा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात, भारतातील जुनी पाल पद्धतीची चित्रीकरणे २५ चित्रांची आणि मोबाइलची बहुधा ३० ची. टीव्ही मात्र कायम ६० वर ठेवला, तर लग्नाच्या वरातीत घोडा बारीक धक्के देत चालल्यासारखा दिसतो. चित्राप्रमाणे टीव्हीची गती बदलण्याचा पर्याय कोडीत आहे. तो निवडताच हा दोष जातो. जुन्या कॅसेटींत हालत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसल्यास ‘डीइंटरलेस’ हा पर्याय वापरावा.

विजेचा आणि बिलाचा हिशेब

यंत्र दिवसरात्र चालू ठेवायचे असेल, तर त्याची भूक मोजावी. सरासरी १० वॅट घेणारे यंत्र वर्षाला ८७.६ युनिट वीज घेते. ५० वॅट घेणारे ४३८ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला, तर फरक वर्षाला सुमारे ३,५०० रुपये आणि पाच वर्षांत १७,५०० रुपये. रोज संध्याकाळी चारच तास चालणाऱ्या यंत्रात मात्र हाच फरक वर्षाला सहाशे रुपयांच्या आत राहतो. म्हणून जुने, जास्त वीज खाणारे यंत्र स्वस्त की महाग, हे ते किती तास चालणार यावर ठरते.

बिल पक्केच घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण वॉरंटीच्या वेळी चिठ्ठी दाखविता येत नाही. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. व्यापारी घरांत आणखी एक मोह होतो : संगणक पेढीच्या नावावर घ्यावा आणि १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळवावे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १७(५) प्रमाणे खासगी उपभोगाच्या वस्तूंवर असे क्रेडिट मिळत नाही. दिवाणखान्यातला संगणक घरच्याच खात्यातून घ्यावा. काही हजारांच्या क्रेडिटपायी पेढीच्या वह्यांवर प्रश्नचिन्ह उभे राहणे कोणत्याही हिशेबात परवडणारे नाही.

शेवटची वस्तू

यादीत बहुतेकांकडून एक वस्तू राहते : दुसरी डिस्क. सर्व कॅसेटींचे रूपांतर एकाच डिस्कवर ठेवणे म्हणजे सारी पुंजी एकाच उधारीच्या खात्यात अडकविणे. डिस्क कधीतरी बंद पडतेच आणि त्या दिवसापर्यंत मूळ फिती चालण्याजोग्या राहिलेल्या नसतात. म्हणून प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, रॅम कमी घ्यावी, पण तेवढ्याच क्षमतेची बाहेरची हार्ड डिस्क अवश्य घ्यावी. तिच्यावर सर्व काही उतरवून ती संगणकापासून वेगळी करावी आणि दुसऱ्या वास्तूत ठेवावी : पेढीच्या तिजोरीत किंवा सासरी गेलेल्या मुलीच्या घरी. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, ती आणून नवी चित्रे तिच्यात भरावीत आणि दोन-चार जुन्या चित्रफिती उघडून त्या नीट चालतात का, हे पाहावे.