साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकतो

खून झाला, खुनी पकडा, फासावर द्या. त्यात मानसशास्त्र न् समाजशास्त्र कशाला? हा सवाल टीव्हीवरच्या चर्चेत हमखास येतो. असा अभ्यास करणाऱ्यांना गुन्हेगारांचे कैवारी ठरवलं जातं. माझं उत्तर एका खटल्यातच आहे.

2003 साली नाशिक भागात पाच जणांचा निर्घृण खून झाला. त्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले. त्या चौघांवर खटला भरलाच गेला नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. 2019मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षं गेली होती.

कायदा कोळून प्यालेली माणसं तिन्ही न्यायालयांत होती. बाईंनी नंतर या मजुरांकडे बोट दाखवलं, तेव्हा त्या खोटं बोलल्या, असंही मी म्हणणार नाही. पण आठवण म्हणजे कपाटात जपून ठेवलेला फोटो नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1974मध्ये लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. ‘गाड्या धडकल्या’ऐवजी ‘गाड्यांचा चुराडा झाला’ असं विचारताच लोक वेग जास्त सांगू लागले. आठवड्यानंतर तर फिल्ममध्ये नसलेल्या फुटक्या काचाही त्यांच्यातल्या अनेकांना आठवल्या. एका क्रियापदाने एवढं होतं, तर जीव वाचलेल्या माणसाच्या मनाचं काय होत असेल!

हे मानसशास्त्राचं काम. इतिहासाचं वेगळं. 1871च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952मध्ये गेला, शिक्का मात्र राहिला. हे ठाऊक असलेला अधिकारी संशयितांची यादी पुन्हा एकदा तपासेल.

‘मग पीडितांचं काय?’ हा प्रश्न रास्तच आहे. भलत्याच सहा जणांना डांबलं, त्या सोळा वर्षांत मेलेल्यांच्या घरच्यांना कोणता न्याय मिळाला?

फाशी देण्याआधी आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल मागवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये सांगितलं. चांगलं झालं, पण तिथवर येईतो फार उशीर झालेला असतो. हे ज्ञान पोलीस ठाण्यातल्या टेबलापर्यंत पोचायला हवं. ओळखपरेड घेणाऱ्याला संशयित कोण, हे माहीतच नसावं. साक्षीदाराचा पहिला जबाब त्याच्याच शब्दांत रेकॉर्ड व्हावा, आणि त्याने आधी कोणाला ओळखलं होतं तो कागद न्यायाधीशांसमोर पहिल्याच दिवशी यावा.