पेटी जोडणारे हात

जुन्या वस्तूंचे गोडवे गाणाऱ्या माणसांवर माझा फारसा विश्वास नाही. आजोबांच्या चंचीवर लेख लिहिणारा माणूस बहुधा चंचीवर लिहीत नसतो. तो आजोबांवर, आणि खरे विचाराल तर स्वतःच्या हरवलेल्या लहानपणावर लिहीत असतो. चंची बिचारी निमित्ताला धनी. लहानपणी जे बिस्किट खाल्ले तेच जगातले सर्वोत्तम बिस्किट, ही साक्ष कोणत्याही कोर्टात टिकायची नाही.

म्हणून आधीच सांगून टाकतो की, आज मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे, तिच्याशी माझ्या बालपणाचा काडीइतका संबंध नाही. ती जन्मली १९८२ साली इंग्लंडात. तेव्हा मी पंचविशीतला होतो आणि इकडे एका बँकेत खतावण्या लिहीत होतो. आमची पहिली गाठ पडली ती मी निवृत्त होऊन आजोबा झाल्यावर! तेव्हा या एका खटल्यात तरी माझी साक्ष निःपक्षपाती मानायला हरकत नसावी.

वस्तू म्हणजे एक संगणक. नाव ‘झेड-एक्स स्पेक्ट्रम’. आता संगणक म्हटला की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते तरुण वाचकांना सांगायला हवे. आमच्या बँकेत तो प्रथम आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची थंडगार खोली बांधली होती. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आम्ही कारकून मंडळी काचेला नाक लावून दर्शन घ्यायचो. गाभाऱ्यात प्रवेश फक्त पुजाऱ्यांना. प्रसाद म्हणून भोके पाडलेल्या कागदाची एक लांबलचक पट्टी बाहेर यायची, आणि तिच्यात चूक असली तरी ती चूक म्हणायची कोणाची छाती नव्हती.

नेमक्या त्याच काळात केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या गृहस्थाने या देवाला गाभाऱ्यातून उचलून थेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवले होते, हे मला चाळीस वर्षे ठाऊक नव्हते. २३ एप्रिल १९८२ रोजी त्याने स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीचा नमुना १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. आकार एखाद्या रोजनिशीएवढा, रंग काळा, खोडरबरासारख्या मऊ अशा ४० कळा, आणि एका कोपऱ्यावर इंद्रधनुष्याचा तिरपा पट्टा. पडदा नाही, घरचा टीव्ही जोडा. साठवणीची सोय नाही. घरचा कॅसेट रेकॉर्डर जोडा. ‘येताना आपापले ताट-वाटी घेऊन यावे’ अशा पंगतीसारखाच हा प्रकार! पण त्यामुळेच तो सामान्य माणसाच्या खिशाला परवडला आणि पुढे ५० लाखांहून अधिक विकला गेला.

हा प्राणी मला भेटला तो स्कॉटलंडमधल्या डंडी या गावी. आमची मुलगी आणि जावई तिथे नोकरीनिमित्त राहतात. टे नदीच्या काठचे हे गाव आपल्याला वाटते तितके परके नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग जहाजे भरभरून इथे येई. तागाचा धागा मऊ करायला देवमाशाचे तेल लागे; तेही याच बंदरातल्या शिकारी जहाजांनी आणलेले. पुढे कलकत्त्याला गिरण्या निघाल्या, तिथे साहेब म्हणून गेले तेही पुष्कळसे डंडीचेच. डंडीच्या गिरण्यांत बायकाच अधिक राबत. बाई गिरणीत आणि नवरा घरी चहाचे आधण ठेवतो आहे, अशी घरे इतकी, की त्या नवऱ्यांना ‘किटली उकळणारे’ असे टोपणनावच पडले होते! ताग बुडाला तशी ही कामसू बोटे दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या टायमेक्सच्या घड्याळ-कारखान्यात शिरली. आणि घड्याळाचाही धंदा मंदावला तेव्हा त्याच कारखान्याने सिंक्लेअरच्या पेट्या जोडायचे काम घेतले.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथे असताना एका जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात ही काळी पेटी मला दिसली. सोबत तारा आणि एका पिशवीत सहा-सात कॅसेटी. “बाबा, हे भंगार कशाला?” मुलगी म्हणाली. मी म्हणालो, “संगणकाला हात लावायची माझी जुनी इच्छा राहिली आहे.” आता त्याला लागणारा जुना, पोट सुटलेला टीव्ही कोठून आणायचा? जावयाने शेजारच्या बाईंना विचारले. त्यांच्या अडगळीच्या खोलीत तसा एक होता. वय पंचाहत्तरच्या घरात, ताठ कण्याच्या आणि कमी बोलणाऱ्या या बाई टीव्हीमागोमाग आमच्याकडे आल्या आणि टेबलावरची पेटी पाहताच दारातच थबकल्या.

“ही मी जोडली असेल,” त्या म्हणाल्या.

कारखान्यात त्या कितीतरी वर्षे होत्या. कळांखालची पातळ पट्टी मुख्य बोर्डाला जोडायची, हे त्यांचे काम. “दिवसाला किती जोडायचात?” मी आपला बँकेतला प्रश्न विचारला. “मोजायचं काम दुसऱ्याचं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग खेळायचातही का?”

बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की दिवसभर पुरणपोळ्या लाटणाऱ्या आचाऱ्याला जणू मी विचारले होते, संध्याकाळी काय खाता? “मुलगा खेळायचा. मी पाळी संपवून आले की त्याला सांगायची, तो आवाज बंद कर.”

म्हणजे त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाने ही पेटी कधी पाहिलीच नव्हती, आणि दुसरीने हजारो पाहूनही एकदासुद्धा चालू केली नव्हती. जुन्या आठवणींची लाच दोघांनाही मिळालेली नव्हती. आमच्यात तिसरा होता दहा वर्षांचा नातू. त्याला आमच्या दोघांचीही कीव येत होती.

कॅसेट लावली. पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे सळसळू लागले आणि रेकॉर्डरमधून, एखादा बेडूक शिट्टी वाजवायला शिकत असावा, तसा आवाज येऊ लागला. हा आवाज म्हणजेच खेळ! साधे गाणे जसे फितीवर असते तसाच खेळ आवाजाच्या रूपात फितीवर असतो आणि संगणक तो ऐकून लिहून घेतो. त्या काळी युगोस्लाव्हियात बेलग्रेडच्या नभोवाणीवरून असे आवाज चक्क प्रक्षेपित करीत आणि पोरे घरोघरी ते ध्वनिमुद्रित करून घेत. आमची फीत दोनदा अडखळली आणि पडद्यावर चुकीचा निरोप आला. नातू म्हणाला, “आजोबा, बंद पडलंय.” बाईंनी न बोलता रेकॉर्डरचा आवाज किंचित कमी केला. तिसऱ्या खेपेला, तीन-चार मिनिटांनी, खेळ उतरला.

त्याचे नाव ‘मॅनिक मायनर’. १९८३ साली मॅथ्यू स्मिथ नावाच्या, विशीही न ओलांडलेल्या पोराने तो एकट्याने रचला. विली नावाचा इवलासा खाणकामगार आहे. वीस गुहांतून किल्ल्या गोळा करीत त्याने बाहेर पडायचे. श्वासाला हवा मोजकी, पायाखालची जमीन खचणारी, आणि जीव फक्त तीन. ते संपले की वरून एक मोठा बूट येऊन विलीला चिरडतो आणि पुन्हा पहिल्या गुहेपासून आरंभ. मिळवलेले राखून ठेवायची सोय नाही. नातवाने तीन मिनिटांत तीन जीव घालवले आणि म्हणाला, “एवढंच आहे यात?” मग पुन्हा बसला. मग जेवायला बोलावले तरी उठेना!

मी मात्र खेळापेक्षा खेळणाऱ्या यंत्राकडे पाहत होतो. ४८ किलोबाइट म्हणजे किती? मोबाइलवर काढलेला साधा फोटो तीन मेगाबाइटचा धरला, तर त्या एका फोटोच्या जागेत स्पेक्ट्रमची सगळी स्मृती चौसष्ट वेळा बसेल. आवाजासाठी वेगळे अंग नाही. जो प्रोसेसर विलीला पळवतो त्यानेच मधल्या फटीत ग्रीगची धून वाजवायची. एकाच कारकुनाने खिडकीही सांभाळायची आणि फोनही घ्यायचा, ही कसरत मी तीस वर्षे केली आहे. म्हणून मला तिचे मोल कळते.

रंगांची तर आणखीच गंमत. पडद्याची ७६८ चौकोनी घरे पाडलेली, आणि एका घरात एका वेळी दोनच रंग. हिरव्या झाडापुढून पांढरा माणूस गेला की तोही हिरवा व्हायचा. मग या पोरांनी काय करावे? कोणी चित्रे घरांच्या रेघांत नेमकी बसवली. १९८४ च्या ‘नाइट लोर’ने प्रत्येक दालन एकाच रंगात रंगवून भांडणच मिटवले, आणि त्या एका रंगात खोलीची खोली अशी उभी केली की बघणारा चकित व्हावा. त्याच वर्षी माइक सिंगलटन या एके काळच्या इंग्रजीच्या मास्तराने ‘द लॉर्ड्स ऑफ मिडनाइट’मध्ये चार हजार ठिकाणांवरून आठ-आठ दिशांचे, म्हणजे बत्तीस हजार देखावे दाखवले. ते साठवायला जागा कोठली? त्याने देखावे ठेवलेच नाहीत. नकाशा ठेवला, आणि पाहणारा जिथे उभा राहील तिथून देखावा तेवढ्यापुरता काढून दाखवला. ओंजळभर पिठात पंगत वाढणाऱ्या गृहिणीचीच ही बुद्धी!

रात्र होत आली तेव्हा मी बाईंना म्हणालो, “आता तुम्ही.” त्या नको नको म्हणाल्या, पण बसल्या. बोटे कळांवर ठेवताना त्यांना पाहावे लागले नाही. पहिला जीव लगेच गेला. दुसरा एका काटेरी झुडपावर गेला. तिसऱ्याला त्यांनी तीन किल्ल्या मिळवल्या, आणि मग तो बूट आला. बाई हसल्या; तोवर मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. मग बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “म्हणजे आम्ही हे बनवत होतो?”

वाचकहो, या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. तागाचे पोते शिवणाऱ्या बाईला निदान ठाऊक असते की यात धान्य भरणार. या बाईंना दहा वर्षे कोणी सांगितले नव्हते की, त्यांच्या हातून काय जाते आहे. १९९३ साली तो कारखाना संपानंतर बंद पडला. वर्षाच्या आरंभी फाटकाबाहेर थंडीत उभ्या राहिलेल्या कामगारांत बायकाच अधिक होत्या. आमच्या शेजारीणबाईही होत्या. पेटीचे श्रेय सिंक्लेअरला मिळाले. त्याला १९८३ साली ‘सर’ ही पदवीही मिळाली. गंमत अशी, की या सरांना खेळांचे फारसे कौतुक नव्हते. त्यांना गंभीर यंत्र विकायचे होते. आईबापांनीही ते ‘अभ्यासासाठी’ म्हणूनच घेतले. खेळ शोधून काढले ते पोरांनी.

आणि पोरांनी नुसते खेळ खेळले नाहीत. यंत्र चालू केले की आधी समोर येई तो कोरा पडदा, तुमच्या आज्ञेची वाट पाहणारा. खेळ हवा असला तरी पहिली आज्ञा तुम्हीच टंकायची. मग दुसरी टंकून पाहावीशी वाटणारच. मासिकांत पानेच्या पाने आज्ञावली छापून येत, आणि एक स्वल्पविराम चुकला तरी सारे मुसळ केरात. डंडीत तर ज्या गल्लीत ही पेटी जोडली जाई त्याच गल्लीतली मुले तिच्यावर शिकली. टायमेक्समध्येच काम केलेल्या डेव्हिड जोन्स या तरुणाने तिथे खेळांची कंपनी काढली. तिचा ‘लेमिंग्ज’ १९९१ साली जगभर गाजला, आणि १९९७ साली आलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ तर आपल्याकडच्या पोरांनाही पाठ आहे. त्याच वर्षी तिथल्या अॅबर्टे विद्यापीठाने संगणकखेळांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. पर्थ रोडवर लेमिंग्जच्या छोट्या ब्राँझच्या मूर्ती बसवल्या आहेत. पट्टी जोडणाऱ्या बायकांची मूर्ती मात्र मला कुठे दिसली नाही.

स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ साली अॅमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना घेतले आणि १९९२ साली उत्पादन थांबले. तरी तो मेला नाही. त्याच्या फितींवरचे खेळ हौशी लोकांनी उतरवून जपले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तर तशाच रबरी कळांची नवी पेटी बाजारात आली. आत ४८ खेळ, आणि फितीची कटकट नाही. पण नव्या पेटीला आठवणी असतात त्या विकत घेणाऱ्याच्या. जुन्या पेटीत जोडणाऱ्याचेही काही राहिलेले असते.

आता तुम्ही म्हणाल, डंडीच्या गोष्टी आम्हांला कशाला? तर १९८० च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनेही परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने हीच पेटी काढली होती. म्हणजे पुण्यातही कोणीतरी ती पट्टी बोर्डाला जोडली असणार. कोणाच्या तरी चिरंजीवांसाठी ती ‘अभ्यासाला’ म्हणून घरात आली असणार. आज त्यांतल्या काही माळ्यावर, पितळी समया आणि मोडक्या पाळण्याच्या मध्ये पडून असतील.

दिवाळीची साफसफाई तुमची झालीच असेल. माळ्यावरचे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय घरात कोणाचा असतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. त्यात मी पडत नाही. पण भंगारवाल्याची हाक ऐकू येण्याआधी, फराळ आटोपून, एकदा शिडी लावून पाहाच. काळी पेटी सापडली तर पुसून टेबलावर ठेवा. आणि शेजारीपाजारी कोणी जुन्या कारखान्यातल्या मावशी राहत असतील, तर पहिला डाव त्यांना द्या.